आण्णासाहेब वकिलांना भर कोर्टात गप्प करण्याविषयी

३ नोव्हेंबर १९४३, सायंकाळ

आज भर कोर्टात माझा अपमान झाला. लगेच लिहून ठेवतो. विसरणार नाहीच, पण लेखी पुरावा असलेला बरा.

तुळजापूरच्या मुन्सिफ कोर्टात मी अकरा वर्षं अहलकार आहे. मिसली म्हणजे खटल्यांच्या फायली सांभाळायच्या, समन्स लिहायची, तारखा द्यायच्या. अकरा वर्षांत माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलेलं नाही. आज आण्णासाहेब वकील उठले. हातात मी लिहिलेलं समन्स. हाकिमांना म्हणाले, हुजूर, आमच्या पक्षकाराला एकतीस आजूरला हजर राहायचा हुकूम आहे. आमच्याकडं तीस आजूर सरला की दै महिना लागतो. हा एकतिसावा दिवस फक्त मुन्शीजींच्या घरी उजाडत असेल तर पक्षकाराला तिकडंच पाठवतो, गडी भाकरी बांधून तयार आहे.

सगळं कोर्ट हसलं. हाकिम हसले. पुकारा करणारा चपराशी दाराला धरून हसला. त्याचं नावही लक्षात ठेवलं आहे.

चूक माझी नाही. हैदराबाद संस्थानाचं सरकारी दफ्तर फसली सालाचं, महिने आजूर, दै, बहमन. मी रोजनिशी लिहितो इंग्रजी तारखांनी, कारण मी सुधारलेला माणूस आहे. ऑक्टोबरला एकतीस दिवस असतात. आजूरला नसतात, हा आजूरचा दोष.

४ नोव्हेंबर

देवळाच्या गल्लीत एका पुजाऱ्यानं विचारलं, काय रेवणसिद्धप्पा, एकतीस आजूर कधी? म्हणजे गावभर झालं. वखारीपाशी दोघं माझ्याकडं बघून बोटं मोजत होते.

घरी इरम्माला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, आजूर किती दिसाचा असतोय? तीस, मी म्हणालो. ती म्हणाली, मग त्येंचं बराबरच हाय की. ही माझी लग्नाची बायको.

संकल्प: वकील होणार. सनद घेणार. आण्णासाहेबांच्या समोरच्या बाजूनं उभा राहणार आणि भर कोर्टात त्यांना असं गप्प करणार की खाली बसताना खुर्ची सापडू नये. मुदत एक वर्ष. फार झालं.

२१ नोव्हेंबर

चौकशी पूर्ण. वकालतीची परीक्षा हैदराबादेत, मे महिन्यात, उर्दूतून. नोकरी सांभाळून बसता येतं. माझं उर्दू फर्डं आहे. कायदा मला येतोच, अकरा वर्षं मिसलींवरची धूळ मीच झटकतो आहे.

एकच अडचण. शिकवणारा हवा. तुळजापुरात संध्याकाळचा वर्ग एकच आहे, सहा ते आठ, नोकरदारांसाठी, फुकट. तो भरतो आण्णासाहेबांच्या ओसरीवर.

दोन दिवस विचार केला. जाणार. त्यांचीच विद्या त्यांच्यावर उलटवायची. यात उलट गोडी जास्त.

२ डिसेंबर

पहिला वर्ग. आम्ही चौघं. त्यातला एक गोरोबा मास्तर, पहिली-दुसरीला शिकवतो. कायद्याची कलमं पाढ्यांसारखी मोठ्यानं म्हणतो. याच्याकडून काही होणे नाही.

मला बघून आण्णासाहेब म्हणाले, या मुन्शीजी, लई दिवस वाट बघत होतो तुमची. आवाजात किंचित कंप होता. माणूस घाबरलाय.

शत्रूच्या घरचा चहा घ्यायचा नाही असं ठरवून गेलो होतो. घेतला. कारण थंडी होती, आणि चहा त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी केला होता. त्यांच्याशी माझं वैर नाही. दुसरा कपही त्यांनीच दिला.

१४ जानेवारी १९४४, संक्रांत

आण्णासाहेबांनी वर्गात तिळगूळ वाटला आणि गोड बोला म्हणाले. मी तिळगूळ घेतला, तोंड उघडलं नाही. म्हणजे खाण्यापुरतं उघडलं. गोड बोलण्याची हमी मी दिलेली नाही. करार दोन्ही बाजूंनी झाला तरच करार. हे त्यांनीच मागच्या आठवड्यात शिकवलं. त्यांच्या विद्येचा हा पहिला वार त्यांच्यावर बसला, त्यांना कळलाही नाही.

९ मार्च

वकील होईपर्यंत नुसतं बसायचं काय? अहलकाराच्या हातातही थोडी सत्ता असते. आज आण्णासाहेबांची मिसल ढिगाच्या तळाशी घातली. अकरा वाजता पुकारा व्हायचा तो साडेचारला झाला. लिंबाखाली बसून राहिले बिचारे. बिचारे नव्हे. हे खोडलं आहे.

१६ मार्च

मिसल तळाशी घालायचं बंद. आठवडाभर दिवस मावळतीला टेकल्यावर त्यांचा पुकारा होतो. तोवर हाकिमांना घराची ओढ लागलेली असते. आण्णासाहेब जे मागतात ते देऊन टाकतात. पाच पेश्या, म्हणजे सुनावण्या, पाचही त्यांनी मारल्या. शिवाय दिवसभर लिंबाखाली बसून त्यांना नवे पक्षकार मिळाले. आज मला म्हणाले, मुन्शीजी, ही शेवटची पाळी मला लई मानवली, तुमचे उपकार.

यात टोमणा होता. नव्हता असं इरम्मा म्हणते.

१८ मे

उद्या हैदराबादेला निघणार. आण्णासाहेबांनी मला आणि गोरोबाला एकेक चिठ्ठी दिली. त्यांचे मेहुणे तिथं वकील आहेत, त्यांच्याकडं उतरा म्हणाले, घरचं जेवा, झोप नीट घ्या. मी चिठ्ठी घेतली. वापरणार नाही. ज्याला संपवायचं त्याच्या मेहुण्याची भाकरी खायची? रेवणसिद्धप्पा मठात उतरेल.

२४ मे, हैदराबाद

मठात बिदरकडचं एक लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. त्यांच्याबरोबर सनईवाले. तीन दिवस झाले, सनईवाले दमत नाहीत. आज पुराव्याच्या कायद्याच्या पेपरात मला झोप लागली. निरीक्षकांनी खांद्याला हलवून उठवलं तेव्हा एक तास उरला होता. त्या तासात जे लिहिलं ते मात्र ठणठणीत आहे.

गोरोबा भेटला. गाल वर आलेत. रोज पुरी. मेहुण्यांनी संध्याकाळी बसवून संभाव्य प्रश्न सांगितले, त्यातले तीन आले म्हणे. अशा मार्गानं मिळवलेली सनद मला नको.

२० जुलै

गोरोबा पास. मी नाही.

गोरोबानं गल्लीत पेढे वाटले. मलाही दिला. घेतला, कारण नाही घेतला तर मत्सर दिसला असता. पेढा जुना होता.

आण्णासाहेब म्हणाले, पुन्हा बसा मुन्शीजी, तुम्ही होणार. मी पडलो की पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच ओसरीवर येणार, हे त्यांना ठाऊक आहे. माणूस फार धूर्त.

६ जानेवारी १९४५

नवं टाइमटेबल. पहाटे चार ते सहा पाठांतर. सहा ते सात बदल्याचा विचार, कारण जिद्द टिकली पाहिजे. मग कोर्ट. संध्याकाळी वर्ग.

१० जानेवारी

टाइमटेबलात दुरुस्ती. पहाटेचं पाठांतर रद्द, थंडी फार. सहा ते सात बदल्याचा विचार चालू ठेवला आहे. तो अंथरुणातही करता येतो.

३ एप्रिल

इरम्मा जोंधळे निवडता निवडता म्हणाली, त्या माणसाचं नाव घेतल्याबिगर तुमच्या गळ्याखाली घास उतरत न्हाय. आमच्या आप्पांनी बी भवानीचं नाव इतक्यांदा घेतलं नसंल. मी म्हणालो, तुम्हा बायकांना स्वाभिमान कळायचा नाही. ती म्हणाली, व्हय, आमाला सैपाक कळतो, उठा, भाकरी निवतीय.

२६ मे, हैदराबाद

या खेपेला चिठ्ठी वापरली. याला माघार म्हणत नाहीत. शत्रूच्या मेहुण्याची पुरी खाऊन शत्रूविरुद्ध ताकद कमावणे, ही लष्करातसुद्धा मान्य पद्धत असावी. झोप उत्तम.

आणि आजचा पेपर! फौजदारी कायदा, प्रश्न दुसरा: एका सभ्य माणसाची चारचौघांत टवाळी केल्यास कोणता गुन्हा होतो, सविस्तर लिहा. अकरा पानं लिहिली. नुसतं अमुक आणि तमुक असं न लिहिता आरोपीच्या जागी आण्णासाहेबांचं नाव, गाव, उंची, मिशीचा आकार, सगळं दिलं. त्यांना दोन वर्षं सक्तमजुरी सुनावली. चपराशाला दाराला धरून हसल्याबद्दल सहा महिने. हाकिमांना समज देऊन सोडलं. बाकीचे चार प्रश्न राहिले, पण असं उत्तर परीक्षकानं जन्मात वाचलं नसेल.

२३ जुलै

नापास.

यात आण्णासाहेबांचा हात असणार. आरोपीचं नाव वाचून परीक्षकानं त्यांना कळवलं असेल. संशयाला जागा आहे, कारण आज ते म्हणाले, मुन्शीजी, राग एकाच प्रश्नात संपवू नका, पाचांत सारखा वाटून घ्या. त्यांना कसं कळलं? मी म्हणे परतल्यावर ओसरीवर स्वतःच सगळं सांगितलं होतं, असं गोरोबा म्हणतो. आठवत नाही.

१२ नोव्हेंबर

वर्गात आता मी एकटाच उरलो. एकानं किराणा दुकान टाकलं, दुसऱ्याची बदली परंड्याला. वाटलं वर्ग बंद करतील. आण्णासाहेब म्हणाले, एक असला तरी वर्ग वर्गच. म्हणजे आता रोज दोन तास शत्रू एकटा माझ्या ताब्यात.

१९ फेब्रुवारी १९४६

आण्णासाहेबांना आठ दिवस ताप. वर्ग नसेल म्हणून नुसतं बघायला गेलो, तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, बसा, वहिवाटीचे हक्क राहिलेत. डोळे मिटून दोन तास शिकवलं. मधे कपाळावरची ओली पट्टी वाळली. मथुराबाई आत होत्या. मीच बदलली. तीन-चार वेळा बदलली. शत्रू खटल्यापर्यंत टिकला पाहिजे.

घरी येताना देवीला नारळ बोललो. त्याचंही कारण तेच.

८ ऑगस्ट

पास! यादीत शेवटून पहिला. पण यादीत.

गल्लीतून ताठ मानेनं चाललो. इरम्मा रडली आणि दिवा लावला. मग पदर खोचून म्हणाली, आधी पेढे आण्णासाहेबांकडं. मी म्हणालो, त्यांच्याकडं मी पेढे नव्हे, नोटीस घेऊन जाणार. ती एकटीच जाऊन आली. आण्णासाहेबांनी दोन खाल्ले आणि ओसरीवर डोळे पुसले, असं सांगत होती. पुसतीलच. आपला शेवट जवळ आला की माणूस हळवा होतो.

२ सप्टेंबर

सनद हातात. अहलकारीचा राजीनामा दिला. हाकिम म्हणाले, तुमच्यासारखं अक्षर पुन्हा मिळणार नाही. अक्षराला कोणी नाव ठेवलेलं नाही हे मी म्हणालोच होतो.

काळी अचकन शिवली. आरशात दहा मिनिटं उभा राहून अचकन झटकायचा सराव केला. आण्णासाहेब बोलायच्या आधी असंच झटकतात. माझं झटकणं जास्त धारदार आहे.

१५ डिसेंबर

पक्षकार नाही. तीन महिने लिंबाखाली बसतो. लोक येतात, राम राम करतात आणि आण्णासाहेबांचं घर कुठं विचारतात. मी दाखवतो. न दाखवणं कायद्यात बसत नाही.

२० जानेवारी १९४७

आला! नळदुर्ग रस्त्यावरचा माणिकप्पा आला. त्याच्या शेतात जायची गाडीवाट शेजारच्या बब्रुवानाच्या रानातून जाते. तीन पिढ्यांची वाट. बब्रुवानानं बाभळीचे काटे टाकून बंद केली. माणिकप्पा म्हणाला, वकीलसाहेब, तुरी वाळून चालल्यात, बैलगाडी आत जात न्हाय, डोक्यावर किती व्हायच्या?

मी विचारलं, समोरून वकील कोण? तो म्हणाला, आण्णासाहेब.

मी माणिकप्पाला मिठी मारली. तो थोडा घाबरला.

२७ जानेवारी

भाषण लिहून झालं. चाळीस पानं. मुद्दे मुद्दाम एकतीस काढलेत. प्रत्येक मुद्द्याला एक टोमणा. विसाव्या मुद्द्यावर ते घाम पुसणार, पंचविसाव्यावर पाणी मागणार, एकतिसाव्यावर कोर्ट हसणार आणि ते खुर्ची चाचपणार. वहिवाटीचे हक्क माझे पक्के आहेत. तापात शिकवलेलं विसरलो नाही.

रोज इरम्माला हाकिम करून बसवतो. आज नवव्या मुद्द्याला हाकिम घोरत होते.

५ फेब्रुवारी

चंपी करून घेतली. आवाजासाठी ज्येष्ठमध. माणिकप्पा म्हणाला, साहेब, हसणं-बिसणं ऱ्हाऊ द्या, माजी वाट सुटंल न्हवं? मी म्हणालो, वाट सुटेलच, ती किरकोळ गोष्ट आहे.

११ फेब्रुवारी, दुपार

शांतपणे लिहितो.

कोर्ट भरलेलं होतं. पुकारा झाला. मी उभा राहिलो. अचकन झटकली. कागद उलगडले. हुजूर म्हणायला तोंड उघडलं.

आण्णासाहेब माझ्या आधी बोलले. म्हणाले, हुजूर, मी स्वतः त्या रानात जाऊन पाहून आलो. वाट जुनी आहे, चाकोऱ्या दिसतात. माझ्या पक्षकाराला समजावलं, त्यानं परवाच काटे काढले. आम्ही दावा कबूल करतो.

हाकिमांनी हुकूम लिहिला. सगळं मिळून दोन मिनिटं झाली असतील.

मी म्हणालो, हुजूर, माझे मुद्दे. हाकिम म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही जिंकलात. आता बोलून हरायचं आहे का? कोर्ट हसलं. चपराशी दाराला धरून हसला.

मग आण्णासाहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हुजूर, हा माझा विद्यार्थी. तीन वर्षं एक संध्याकाळ चुकवली नाही. आज पहिला दावा आणि पहिलीच जीत. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माणिकप्पा धावत आला आणि आण्णासाहेबांच्या पायांवर पडला. उठताना, वाटेत होतो म्हणून, माझ्याही.

आज भर कोर्टात गप्प झालेला वकील एकच.

११ फेब्रुवारी, सायंकाळ

राहवलं नाही. लिंबाखाली त्यांना गाठलं. विचारलं, तुम्ही कबूल का केलंत? ते म्हणाले, वाट त्याचीच होती मुन्शीजी, त्याच्या तुरी वाळत होत्या, लांबवून काय करायचं?

मग विचारलं, तीन वर्षांपूर्वी मी एका समन्सावर एकतीस आजूर लिहिलं होतं. तुम्ही हाकिमांना म्हणाला होता की हा दिवस फक्त माझ्या घरी उजाडतो. आठवतं?

त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. खरोखर आठवून बघितलं, ढोंग नव्हतं. तेवढं मला आता ओळखू येतं. म्हणाले, न्हाय बुवा. मी म्हणालो होतो असं? आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईतोवर हसले. म्हणाले, चांगलं म्हणालो होतो की!

मी हसलो नाही. ते हळूहळू थांबले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आवाज उतरवून म्हणाले, मुन्शीजी, ते लागलं होतं का तुम्हाला? त्यासाठी वकील झालात?

नाही म्हणालो. छे, म्हणालो, कायद्याची आवड पहिल्यापासूनच. कोर्टात खरं बोलायची तयारी करून गेलो होतो, बाहेर येऊन खोटं बोललो.

१२ फेब्रुवारी

आठ वाजेपर्यंत झोपलो. सहा ते सात विचार करायला काही नव्हतं.

इरम्मानं विचारलं, आता कुणावर राग धरणार? थट्टा करत नव्हती, काळजीनं विचारत होती. मी बऱ्याच जणांना आठवून बघितलं. चपराशी आहे, पण त्याच्यासाठी तीन वर्षं घालवावीत असा तो माणूस नाही. फार रिकामं वाटतंय. आण्णासाहेबांचा राग यावा म्हणून सकाळभर प्रयत्न केला, तर सारखी ती ओली पट्टी आठवते.

दुपारी दारात दोन शेतकरी. आण्णासाहेबांचे विद्यार्थी ते तुम्हीच का, असं विचारत होते. आण्णासाहेबांना सवड नाही, त्यांनी तुमच्याकडं जा म्हणून सांगितलं, म्हणाले.

हो, मीच तो विद्यार्थी, म्हणालो. आत या. इरम्माला चहा टाकायला सांगितला.